पोर्तुगीज पासपोर्ट आणि ‘दुहेरी नागरिकत्व’ : आमचे 4,50,000 रुपये कसे गेले

गोव्याच्या बार्देश तालुक्यातील एका एजंटाने पोर्तुगीज पासपोर्ट आणि ‘दुहेरी नागरिकत्व’ मिळवून देतो असे सांगून माझ्या कुटुंबाकडून 4,50,000 रुपये घेतले आणि त्या बदल्यात माझ्या वडिलांच्या नावाची एक खोटी पोर्तुगीज जन्मनोंद आमच्या हातात ठेवली. तो माणूस आजही त्याच गाळ्यात बसून लोकांच्या फायली घेतो, म्हणून हे लिहीत आहे. असे एजंट कसे बोलतात आणि पैसे टप्प्याटप्प्याने कसे काढतात, हे गोव्यात आणि सिंधुदुर्गात कोणाला नव्याने सांगायला नको. तरीही आमच्यासारखी कागदपत्रे नीट जपणारी माणसे त्यात अडकतात, कारण मुळातला हक्क खरा असतो.

माझे वडील 1951 साली पेडणे तालुक्यात जन्मले. 19 डिसेंबर 1961 पूर्वी गोवा, दमण किंवा दीव येथे जन्मलेल्या व्यक्तीला पोर्तुगालचा कायदा आजही जन्मतः पोर्तुगीज मानतो. गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व पोर्तुगालने 1974 च्या अखेरीस झालेल्या कराराने मान्य केले, पण तिथे जन्मलेल्यांचे राष्ट्रीयत्व काढून घेतले नाही. त्यामुळे आधी वडिलांचा जन्म लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात नोंदवायचा, मग आईवडिलांचे लग्न आणि त्यानंतर मुलाचा जन्म नोंदवायचा, हा मार्ग कायदेशीर आहे. माझ्या एका चुलतभावाने तो रीतसर पूर्ण केला आहे. तेव्हा ‘असल्या भानगडीत पडलातच कशाला’ असे जे नातेवाईक आता विचारतात, त्यांना माझे उत्तर एवढेच आहे की आम्ही कोणतीही भानगड केली नव्हती. वडिलांचा जन्म खरा होता, आजोबांचे कागद खरे होते आणि अर्जही खराच व्हायला हवा होता.

पैसे कसे गेले ते सांगतो. फाईल उघडण्याचे 25,000 रुपये झाले. त्यानंतर तेओर, म्हणजे जुन्या पोर्तुगीज नोंदवहीतील जन्मनोंदीचा संपूर्ण उतारा, आणि सर्व कागदांचे भाषांतर यासाठी 85,000 रुपये त्याने रोख मागितले. आठ कागदांच्या अपोस्टिलसाठी, म्हणजे ते परदेशात ग्राह्य धरले जावेत म्हणून होणाऱ्या सरकारी प्रमाणीकरणासाठी, प्रत्येकी 6,000 याप्रमाणे 48,000 रुपये दिले. परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिलचे शुल्क प्रति कागद 50 रुपये आहे, हे मला नंतर कळले. लिस्बनच्या वकिलाची फी म्हणून 1,70,000, लग्नाच्या नोंदीसाठी 62,000 आणि शेवटी गोव्यात अजूनही ज्याला बी.आय. म्हणतात त्या पोर्तुगीज ओळखपत्राच्या भेटीची वेळ मिळवण्यासाठी 60,000, तेही रोखीने. बँकेतून गेलेले 3,05,000 रुपये दाखवता येतात, पण 1,45,000 रुपयांची पावती नाही. रोख रक्कम देऊ नका. ‘पोर्तुगालला युरोत पाठवायचे म्हणून रोख लागते’ हे वाक्य जो उच्चारेल त्याच्यासमोरून तिथल्या तिथे उठा.

मला सर्वांत जास्त जाळणारी गोष्ट त्या जन्मनोंदीवरची तारीख आहे. त्याने दिलेल्या प्रतीवर लिस्बनच्या कार्यालयाचे नाव होते, शिक्का होता, नोंद क्रमांक होता आणि नोंदणीचा दिनांक होता 10 जून 2025. 10 जून हा पोर्तुगालचा राष्ट्रीय दिन आहे. जुन्या गोव्याच्या संग्रहालयात ज्याचा पुतळा ठेवलेला आहे, त्या कामोइश या कवीचा तो स्मृतिदिन असून त्या दिवशी तिथे सार्वजनिक सुटी असते आणि सरकारी कार्यालये बंद असतात. तो कागद मी हातात धरून पाहिला, वडिलांच्या नावाचे एकेक अक्षर तपासले, जन्मतारीख आणि गाव जुळवून पाहिले आणि नोंदणीच्या तारखेवरून माझी नजर सरळ पुढे गेली. पण सावंतवाडीत राहणाऱ्या माणसाला पोर्तुगालच्या सुट्या ठाऊक असाव्यात अशी अपेक्षा कोण करील? त्या दिवशी वडिलांनी मात्र एक प्रश्न विचारला होता. ते म्हणाले, “माझी नोंद झाली म्हणतोस, पण माझी सही कोणी समोर बसवून घेतलीच नाही.” एजंटाने लगेच उत्तर दिले, “काका, वकीलपत्रावर होते सगळे, तुम्हाला या वयात कशाला त्रास?” ज्या वकीलपत्राविषयी तो बोलत होता त्यावरही वडिलांची सही कोणा अधिकाऱ्यासमोर झाली नव्हती. त्याने घरी येऊन कोऱ्या जागांवर सह्या घेतल्या होत्या आणि त्या आम्ही वयस्कर माणसाची सोय म्हणून दिल्या होत्या. ज्याच्या नावाने नोंद होते तो जिवंत असेल, तर त्याची सही अधिकृत अधिकाऱ्यासमोर प्रमाणित व्हावी लागते. तसे न होताच तुमच्या हातात नोंद आली असेल तर ती खोटी समजा.

नोंद क्रमांक मिळाला की त्यावर विसंबून राहू नका. पोर्तुगालच्या नागरी नोंदणीचा दाखला ऑनलाइन मागवता येतो. लिस्बनमध्ये राहणाऱ्या एका परिचिताने आमच्यासाठी तशी चौकशी केली, तेव्हा त्या क्रमांकावर माझ्या वडिलांची कोणतीही नोंद नसल्याचे स्पष्ट झाले.

आता त्या ‘दुहेरी नागरिकत्वा’बद्दल. भारतीय नागरिकाला दुहेरी नागरिकत्व नाही, आणि कोणत्याही एजंटाला कितीही पैसे दिले तरी ते मिळणार नाही. राज्यघटनेच्या नवव्या अनुच्छेदानुसार आणि 1955 च्या नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमानुसार, स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले की भारतीय नागरिकत्व संपते, आणि परदेशी पासपोर्ट काढणे हा त्याचा निर्णायक पुरावा मानला जातो. केवळ लिस्बनच्या जन्मनोंदीवरूनही गोव्यात वाद उभे राहिलेले आहेत. आमच्या एजंटाचा सल्ला होता की दोन्ही पासपोर्ट ठेवा, भारतीय पासपोर्टच्या नूतनीकरणाच्या अर्जात दुसऱ्या नागरिकत्वाच्या प्रश्नापुढे ‘नाही’ लिहा आणि मतदार यादीतले नाव राहू द्या. हा सल्ला गुन्ह्याचा आहे. माहिती दडवल्याच्या कारणावरून गोव्यातील अनेकांचे भारतीय पासपोर्ट रद्द झाले आणि त्यांचे ओसीआय कार्डही, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तीला भारत सरकार देते ते कार्ड, अडकले. पासपोर्ट परत केल्याच्या दाखल्याऐवजी तो रद्द झाल्याचा दाखला चालेल असे केंद्राने 2024 मध्ये मान्य केले, तेव्हा कुठे त्यांना वाट मिळाली. ओसीआय म्हणजे नागरिकत्व नव्हे. ते कार्ड असलेल्याला इथे मत देता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने आलेली जमीन ठेवता येते. ज्यांच्या घरी काजूची बाग किंवा कुळागर आहे त्यांनी फायलीवर सही करण्याआधी यावर घरात बसून बोलावे.

ब्रिटनच्या नावानेही त्याने आम्हाला भुलवले. माझ्या मुलाला तिथे नोकरी करायची होती, आणि पोर्तुगीज पासपोर्ट झाला की लंडन, स्विंडन सगळे मोकळे, असे त्याने त्याच्यासमोर सांगितले. एके काळी ते खरे होते आणि त्याच बळावर हजारो गोवेकर तिथे गेले. परंतु ब्रिटनसाठी युरोपीय संघातील मुक्त संचार 31 डिसेंबर 2020 रोजी संपला. त्याआधी तिथे राहणाऱ्यांनी वास्तव्याचा हक्क टिकवण्यासाठी अर्ज करण्याची सर्वसाधारण मुदतही 30 जून 2021 रोजी संपली. आज पोर्तुगीज पासपोर्टधारकालाही तिथे नोकरीसाठी व्हिसा लागतो. एजंटाला हे ठाऊक नव्हते असे मी मानत नाही.

यापुढचा अनुभव फसवणुकीपेक्षा कडू आहे. आम्ही जिथे राहतो तिथल्या पोलीस ठाण्यात सांगण्यात आले की गुन्हा गोव्यात घडला, तिकडे जा. गोव्यातील ठाण्यात सांगण्यात आले की पैसे महाराष्ट्रातील बँक खात्यातून गेले, तिकडे जा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या 173 व्या कलमानुसार हद्दीचा प्रश्न न काढता तक्रार नोंदवून घ्यावी लागते, हे मी छापील प्रत पुढे ठेवून दाखवले, तेव्हा अधिकाऱ्याने ती प्रत बाजूला सारली आणि हा पैशांचा दिवाणी वाद असल्याचे सांगितले. खोटा सरकारी दाखला बनवणे हा दिवाणी वाद कसा होतो? फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचे 318 वे आणि बनावट दस्तासाठी 336 वे कलम आहे. सायबर गुन्ह्यांच्या 1930 या मदत क्रमांकावर फोन केला तर हा सायबर गुन्हा नव्हे असे उत्तर मिळाले. परदेशी पाठवणाऱ्या एजंटांवर देखरेख ठेवणाऱ्या कार्यालयाने नोंदणीचे बंधन नोकरभरती करणाऱ्यांना आहे, नागरिकत्वाची कामे करणाऱ्यांना नाही, असे कळवले. प्रत्येकाने आपल्यापुरते दार बंद केले. आणि एका हवालदाराने तर माझ्या 74 वर्षांच्या वडिलांना तोंडावर सांगितले की खोट्या कागदावर तुमचेच नाव आहे, जास्त खोलात गेलात तर आरोपी तुम्हीच व्हाल. आयुष्यभर शाळेत शिकवलेल्या माणसाला हे ऐकावे लागले, आणि त्या रात्री ते जेवले नाहीत. ज्याने कागद बनवला त्याला साधे बोलावूनही घेतलेले नाही.

ठाण्यात तक्रार घेत नसतील तर ती लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवा आणि पोच जपून ठेवा, कारण पुढे न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जायचे झाल्यास तीच लागते. आम्ही ते केले आहे. तेओर स्वतः काढा. ज्या तालुक्यात जन्म नोंदला त्याच्या नागरी निबंधक कार्यालयात आणि जुन्या नोंदींसाठी पणजीच्या पुराभिलेख खात्यात अर्ज करता येतो आणि त्याला लाखभर रुपये लागत नाहीत. पणजीतील पोर्तुगीज वाणिज्य दूतावासाकडून आवश्यक कागदांची माहिती थेट घ्या.

वडिलांचा मूळ जन्मदाखला आणि आईवडिलांच्या लग्नाचा मूळ दाखला अजून त्या एजंटाकडे आहे. ते परत देण्यासाठी त्याने आणखी 20,000 रुपये मागितले आहेत आणि आम्ही ते देणार नाही. मूळ कागद कोणाच्याही हाती सोडू नका. बार्देशातील एजंटाने 10 जून 2025 या तारखेची जन्मनोंद आणखी कोणाला दिली असेल, तर त्यांनी ती आणि बँकेचा उतारा घेऊन पुढे यावे. आमच्या वकिलांना एकत्रित तक्रार अर्ज न्यायालयात दाखल करायचा आहे.