ट्राउट की मरळ? मे-जूनमध्ये फ्लाय रॉड कुठे न्यावा

भुसावळ-जळगावकडे फ्लाय रॉड, म्हणजे पिसा-दोऱ्यांचं हलकं नकली भक्ष्य (फ्लाय) फेकायची लवचिक गळकाठी, घेऊन पाण्यावर जाणारे तसे थोडेच. पण ज्यांना हा नाद आहे, त्यांना मे महिन्यात एकच पेच पडतो: रजा टाकून हिमाचलात ट्राउटमागे जायचं, की इथेच तापी-गिरणेच्या डोहांवर मरळ गाठायची?

माझ्या मते निकाल पाण्याच्या तापमानावर लावावा. पाणी तापलं की त्यात विरघळलेला प्राणवायू घटतो: १० अंशांना लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. ट्राउट थंड पाण्याचा मासा, २० अंशांच्या वर त्याची दमछाक होते. अशा पाण्यात झुंजवून सोडलेला मासा आपल्यासमोर पोहत जातो आणि नंतर मरतो. म्हणून खिशात थर्मामीटर हवाच. पारा २० वर दिसला की रॉड गुंडाळायचा.

मरळ थेट वर येऊन हवा घेते. वैशाखातल्या कोमट, गढूळ डोहातही ती ताजीतवानी असते. सकाळी पाणकणसाच्या कडेला 'गुडुप्' आवाज होतो, पाण्यावर वलय उठतं. त्याच्या हातभर पुढे बेडकासारखी फ्लाय टाकायची, क्षणभर थांबायचं आणि दोर हलके झटके देत ओढायचा. मजा सगळी त्या थांबण्यात आहे. दात तीक्ष्ण, त्यात गवताची गुंतवळ, म्हणून लीडर (दोराच्या टोकाला फ्लाय बांधायचा धागा) जाड आणि रॉड ७-८ नंबरचा लागतो; नंबर मोठा तितका रॉड दणकट. ट्राउटला ४-५ नंबर पुरे.

हिमाचलातल्या तीर्थन नदीच्या खोऱ्याचं म्हणाल तर पंजाब मेलने दिल्ली, तिथून मनालीच्या बसने औट, पुढे बंजार आणि गुशैणी. कुल्लू भागात ट्राउट इंग्रजांनी आणून सोडला. नदी देखणी, वादच नाही. पण जूनमध्ये ऊन चढलं की वरचा बर्फ वितळतो, दुपारनंतर पाणी फुगून गढूळतं आणि हातात उरते फक्त सकाळ. जुलै-ऑगस्टमध्ये पावसाचा गाळ, नोव्हेंबर ते फेब्रुवारी बंदी. ट्राउटसाठीच जायचं तर रजा सप्टेंबर-ऑक्टोबरसाठी राखा आणि मत्स्यविभागाचा परवाना काढा.

मेमध्ये दोनच दिवस हाताशी असतील तर मात्र मी डोळे झाकून मरळीकडे जाईन. खर्च थोडा आणि संध्याकाळी घरची कळण्याची भाकरी. एवढं बघा की धरणांतली मासेमारी बहुधा सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेली असते. आधी त्यांना विचारा, काठावरच्या भोई मंडळींशी बोला. जागा तेच दाखवतील. आणि मृगाचा पाऊस झाल्यावर पाण्यावर तांबूस पिल्लांचा पुंजका दिसला, तर खाली राखणीला मरळीची जोडी असते. तिथे फ्लाय टाकू नका. जोडी उचलली तर पिल्लं दुसऱ्या माशांच्या तोंडी जातात.