स्वस्तातली स्नायपर अपग्रेड केली, ती पण उलट्या क्रमाने

पहिलं सांगून टाकतो, ही एअरसॉफ्टची रायफल (प्लास्टिकच्या बारीक गोळ्या, म्हणजे बीबी, मारायचा खेळ) वाईट नाहीये. व्हीएसआर-१० ची स्वस्त क्लोन आहे, म्हणजे टोकियो मारुई या जपानी कंपनीच्या बोल्ट-अ‍ॅक्शनची नक्कल. बोल्ट ओढला की स्प्रिंग दाबली जाते, ट्रिगर दाबला की पिस्टन पुढे धावतो आणि हवेच्या जोरावर बीबी सुटते, गॅस नाही बॅटरी नाही काही भानगड नाही. ब्रँड मुद्दाम लिहीत नाहीये, कारण या क्लोन आतून बहिणी-बहिणीच असतात, एकीचं रडगाणं तेच दुसरीचं. बाहेरून वजनदार, बोल्ट छान सरकतो, स्टॉक खांद्याला नीट बसतो. बॉक्समधून काढून ४० मीटरवर पुठ्ठ्याचं खोकं ठेवून दहा मारल्या तर चार लागल्या, बाकीच्या कुठे गेल्या त्यांनाच माहीत.

मग जे सगळे नवशिके करतात तेच मी केलं, सरळ जाडजूड स्प्रिंग मागवली. डोक्यात एकच, एफपीएस (सेकंदाला किती फूट, म्हणजे बीबीचा वेग) वाढले की लांब जाणार. एम-१७० टाकली. या एम पुढच्या आकड्याचा अर्थ ढोबळमानाने असा की ०.२० ग्रॅमची बीबी सेकंदाला तेवढे मीटर वेगाने निघायला हवी, म्हणजे १७० ला जवळपास ५५८ एफपीएस. माझ्या क्रोनोवर (वेग मोजायचं यंत्र) आले ४६० च्या आसपास, आणि ते पण दर शॉटला वेगळे, एकदा ४७०, लगेच पुढचा ४४०. बोल्ट ओढायला मात्र दोन्ही हात आणि देवाचं नाव. वर नेम होता तितकाच वाईट, फक्त आता बीबी जास्त जोरात चुकत होती.

तीन आठवड्यांत बोल्ट पकडेनासा झाला. ओढला, सोडला, तसाच पुढे. कधीकधी पकडायचा आणि हात लावायच्या आधीच सुटायचा, हे तर फारच वाईट. उघडून बघतो तर ट्रिगरमधला सीअर, जो पिस्टनला अडवून धरतो, त्याची कड गोल झालेली, साबणाची वडी झिजते तशी. आणि प्लास्टिकच्या पिस्टनवर जिथे तो अडकतो तिथे कुरतडल्यासारखं. या रायफलींचा मूळचा ट्रिगर ४५ डिग्रीचा असतो, म्हणजे सीअर तिरका अडकतो आणि स्प्रिंगचा जोर त्याला सतत खाली ढकलत राहतो, वर धातू मऊ. कंपनीच्या स्प्रिंगला तो पुरतो, एम-१७० ला काय पुरणार. इलाज म्हणजे ९० डिग्रीचा स्टीलचा ट्रिगर, तो सरळ अडवतो त्यामुळे झीज फार कमी. पण त्यात जुना पिस्टन बसत नाही, म्हणून पिस्टन नवा, पिस्टन नवा म्हणून स्प्रिंग गाइड (स्प्रिंग ज्यावर चढते ती दांडी) नवा, आणि गाइड ७ मिलिमीटरचा का ९ चा हे न बघता मागवला म्हणून स्प्रिंग त्यावर चढेना, ती पण परत नवी. चार आण्याची कोंबडी बारा आण्याचा मसाला म्हणतात ते हेच. तुम्ही घेताना ट्रिगर, पिस्टन, गाइड आणि स्प्रिंग एकमेकांना जुळतात का एवढं वाचा आणि शक्यतो एकाच सेटमध्ये घ्या.

हे सगळं बसवून मिरवत टीमकडे गेलो तर एक जण म्हणाला, "अरे लेका, हवा कुठे गळते ते बघितलंस का आधी?" नव्हतं बघितलं. त्याने सिलिंडर बाहेर काढला, पिस्टन मागे ओढला, नोझलवर अंगठा दाबून धरला आणि पिस्टन आत ढकलला. सील चांगलं असेल तर पिस्टन मध्येच अडून राहतो, हवा उशीसारखी लागते हाताला. माझ्याकडे फुस्स करून सरळ आत. म्हणजे नव्या स्प्रिंगचा निम्मा जोर सिलिंडर हेडच्या आट्यांतून बाहेर चालला होता आणि मी त्यासाठी दंड फुगवत होतो 😅

दुरुस्ती काय, तर प्लंबर वापरतात ती पांढरी टेफ्लॉन टेप हेडच्या आट्यांवर दोन वेढे, पिस्टनची ओ-रिंग थोडी ताणून सिलिकॉन तेलात रात्रभर बुडवलेली, आणि सिलिंडरला आतून सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात. घरात पडलेलं कुठलंही मशीनचं तेल मारू नका, पेट्रोलियमवालं तेल बऱ्याच प्रकारचं रबर फुगवतं. एवढ्यावर क्रोनोचा आकडा वाढला आणि मुख्य म्हणजे स्थिर झाला, शॉटगणिक फरक पाच-सहा एफपीएसवर आला. मग एम-१७० काढून एम-१५० टाकली, कारण तसंही फील्डवर क्रोनो करताना लिमिटच्या वर गेलं तर बाजूला बसवतात, आणि तुमच्या फील्डला स्नायपरची लिमिट किती आणि किमान किती अंतरावरून मारायचं हे स्प्रिंग मागवायच्या आधी विचारा, माझ्यासारखं नंतर नाही.

आता खरा मुद्दा. नेम सगळा हॉप-अपमध्ये आहे. बीबी चेंबरमधून निघताना वरून रबर तिला घासतं, ती उलटी फिरायला लागते आणि त्या फिरण्याने हवेत उचलली जाते, म्हणून लांबपर्यंत सपाट जाते. रबर वाकडं बसलं तर बीबीपण तिरकी फिरते आणि डावीकडे नाहीतर उजवीकडे वळते. माझी कायम डावीकडे. आणि मी महिनाभर स्कोपला शिव्या घालत त्याचे नॉब फिरवत होतो! चेंबर उघडला तर आत दोन आर्म, बाजूचा लिव्हर सरकवला की ते दोन्ही रबरावर दाबतात, आणि एका आर्मच्या टोकाला साच्यातून निघताना राहिलेलं बारीकसं बोंड, नखाला लागेल एवढंच. बारीक पॉलिश पेपरने ते घासून काढलं, कंपनीचं रबर फेकून ६० डिग्रीचं (हा रबराच्या कडकपणाचा आकडा) चांगलं सिलिकॉनचं घातलं, चेंबर परत बसवताना रबर रेषेत आहे ना हे तीनदा बघितलं. त्याच दिवशी, त्याच स्कोपने, ४० मीटरवर दहापैकी नऊ. संपूर्ण प्रोजेक्टमध्ये सगळ्यात स्वस्त पार्ट हाच होता.

पुढे टीडीसी पण केलं, म्हणजे आऊटर बॅरलला बरोबर वरून भोक पाडून स्क्रूने हॉपवर सरळ दाब द्यायचा, बाजूच्या लिव्हरवर भरवसा नाही. फाइन अ‍ॅडजस्टमेंट मस्त होते, पण भोक मधोमध पडलं नाही तर केलेलं सगळं मातीत. ड्रिलवर हात बसलेला नसेल तर राहू द्या, नुसतं रबर बदलूनसुद्धा बरंच काम होतं.

बीबीच्या वजनाबद्दल लोक ऐकतच नाहीत. ०.२० ची बीबी ५०० एफपीएसने निघाली तर ऊर्जा साधारण २.३ ज्यूल. तेवढ्याच ज्यूलला ०.४० ची निघते ३५० एफपीएसने, म्हणून लोकांना वाटतं ही मंद. पण हलकी बीबी हवेत लगेच दमते, जड आपला वेग धरून ठेवते, ६० मीटरवर जाईपर्यंत हळू निघालेली ०.४० आधी पोचलेली असते आणि वाऱ्यानेही कमी हलते. तरी त्या ६० मीटरला तिला सेकंदभर लागतो हां, म्हणजे समोरचा चालत असेल तर कुठे मारायचं हे स्कोप सांगत नाही. मी ०.४३ वर स्थिरावलोय. कंपनीच्या हॉपने ०.४० उचललीच गेली नाही, ३० मीटरवर नाक खाली, त्यामुळे रबर आणि जड बीबी हे एकत्रच येतं. बीबी स्वस्तातल्या घेऊ नका, शिवण असलेली किंवा मधे हवेचा बुडबुडा असलेली बीबी कितीही चांगल्या रायफलमधून वाकडीच जाणार.

टाइटबोर, म्हणजे आतून जास्त अरुंद, बॅरलबद्दल मात्र माझं मत जरा वेगळं आहे. ६.०३ मिलिमीटरची घेतली, फरक पडला, पण जेवढं ऐकलं होतं तेवढा नाही. बीबी ५.९५ मिलिमीटरची, ६.०१ च्या बॅरलमध्ये जरा कचरा गेला की लगेच नखरे सुरू, म्हणून ६.०३ ठीक. लांबीच्या मागे तर अजिबात लागू नका. जुनी बॅरल आधी इथेनॉल किंवा आयसोप्रोपिलमध्ये भिजवलेल्या फडक्याने साफ करून बघा, माझ्यातून काळा चिकट गाळ निघाला होता, तो फॅक्टरीतूनच आलेला. आणि इनर बॅरल आऊटरमध्ये खुळखुळत असेल तर दोन-तीन जागी इलेक्ट्रिक टेप गुंडाळून घट्ट करा. हा फुकटातला उपाय मला त्या ६.०३ पेक्षा जास्त लागू पडला असं मला वाटतं.

स्कोप सोबत फुकट आलेला तोच अजून वापरतो. रेलचे स्क्रू सैल होतात, थ्रेडलॉकचा (स्क्रू धरून ठेवणारा चिकट द्रव) थेंब टाका, विषय संपला. बायपॉड काढून ठेवलाय, झुडपात अडकतो फक्त.

आता उरलंय मॅगझिन. तिची स्प्रिंग अशक्त आहे, शेवटच्या तीन-चार बीबी वर येतच नाहीत, आणि मॅगझिन काढली की चेंबरजवळची एक-दोन जमिनीवर. वीस मोजून मारतो आणि बदलतो. खेळ संपला की शेवटची बीबी मारून स्प्रिंग मोकळी करतो आणि हॉप पूर्ण बंद, रबरावर दाब राहिला तर त्याला खड्डा पडतो. परवा ते विसरलो, सकाळी पहिल्या पाच बीबी परत डावीकडे.