‘नॉर्मंडीत उतरलेल्या’ हेल्मेटचे ४,३३७ डॉलर

हेल्मेटचे ३,८५०, डॉग टॅगच्या (सैनिकाच्या ओळखीच्या धातूच्या पट्ट्यांच्या) जोडीचे १८५, खांद्यावरच्या गरुडाच्या कापडी पॅचचे २४० आणि टपाल-विम्याचे ६२. एकूण ४,३३७ डॉलर, एका विक्रेत्याने बनावट माल देऊन लुबाडलेले. हिशोब पैपैशासकट देतोय, कारण किरकोळ रक्कम गेली असेल असं कुणी समजू नये. अमेरिकेत राहून इथल्या दुसऱ्या महायुद्धाच्या लष्करी वस्तू जमवणारे मराठी लोक माझ्या ओळखीत आहेत. त्यांच्यापैकी कुणी याच माणसाशी बोलत असेल, तर आधी हे वाचा.

गोष्ट नेहमीचीच होती. विक्रेत्याचे काका अमेरिकेच्या १०१व्या एअरबोर्न (छत्रीधारी) डिव्हिजनच्या ५०६व्या पॅराशूट रेजिमेंटमध्ये, ६ जून १९४४ ला फ्रान्सच्या नॉर्मंडीत उडी, तिथेच मृत्यू. सामान घरच्यांकडे आलं, पेनसिल्व्हेनियातल्या घराच्या माळ्यावर पडून राहिलं, आता घर विकायचंय. शेलच्या, म्हणजे हेल्मेटच्या बाहेरच्या पोलादी कवचाच्या, बाजूला पांढरा इस्पिक. ५०६ची खूण इस्पिकच, ५०२ची बदाम, हे कुठल्याही नवख्याला माहीत असतं. म्हणजे नकली करणाऱ्यालाही असतंच.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी एवढंच. अमेरिकी सैन्याच्या साध्या एम-१ हेल्मेटला हनुवटीचा पट्टा अडकवायच्या कड्या सुरुवातीला चौकोनी आणि पक्क्या जोडलेल्या होत्या, १९४३च्या अखेरीस हलणाऱ्या आल्या. छत्रीधारी सैनिकांच्या एम-२ला मात्र इंग्रजी ‘डी’च्या आकाराच्या कड्या होत्या. ती हेल्मेटं थोडी बनली आणि कड्या तुटायच्याही फार, म्हणून आज अस्सल नग हजारो डॉलरला जातो. पक्क्या कड्यांचा साधा एम-१ दोन-तीनशेला मिळतो. तो घ्यायचा, चौकोनी कड्या कापायच्या, ‘डी’ वेल्ड करायच्या, वर रंग मारायचा. सगळी लबाडी त्या दोन कड्यांत आहे.

आणि मी त्याच दोन कड्यांचे आतून फोटो मागितले होते. हे मला झोपू देत नाही. मी विचारलं होतं! स्पष्ट लिहिलं होतं, लायनर (शेलच्या आत बसणारी टोपी) काढून दोन्ही बाजूंचे वेल्ड दाखवा. त्याचं उत्तर आलं, “आतलं वेबिंग (डोक्यावर टेकणाऱ्या कापडी पट्ट्या) कुजत आलंय, ओढलं तर फाटेल. तुम्ही म्हणत असाल तर काढतो, पण नुकसान झालं तर जबाबदारी तुमची.” एम-१चा लायनर शेलमध्ये नुसता बसवलेला असतो. हाताने उचलला की बाहेर येतो, वेबिंगला त्यात धक्काही लागत नाही. हे मला माहीत होतं, माझ्या कपाटातल्या हेल्मेटांचे लायनर मी कित्येकदा काढलेत. तरी त्याचं वाक्य वाचून मला वाटलं, हा माणूस वस्तू जपतोय. जुनी चीज हाताळू नये हेच आपण एकमेकांना सांगत असतो ना? तेच आपलं बोलणं त्याने आपल्यावर उलटवलं. पाच सेकंदांचं काम नाकारणाऱ्याला पैसे देऊ नका. कारण कितीही सभ्य असो.

मी अंधपणे घेतलं असं कुणी म्हणू नये. शेलचा पुढचा जोड पाहिला, कडेच्या पट्टीचा सांधा पुढे होता, म्हणजे १९४४च्या अखेरीआधीचा. तो शेल खरोखर जुनाच आहे. आत लिहिलेलं धुलाईचं चिन्ह, म्हणजे आडनावाचं पहिलं अक्षर आणि सैनिक क्रमांकाचे शेवटचे चार आकडे, ते टॅगशी जुळत होतं. टॅगच्या फोटोत क्रमांकाच्या सुरुवातीवर त्याचा अंगठा होता, आणि टॅग हातात धरून काढलेला फोटो असाच येतो. पैसे भरण्याआधी त्याने माझ्याबद्दल विचारलं. माझे आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीतून इटलीत लढले, ज्या मोहिमेत १९४४ मध्ये यशवंत घाडगे यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, हे मी सांगितलं. तो म्हणाला, मग हे हेल्मेट सैनिकाच्या घरीच जाऊ दे, दुसऱ्याने जास्त देऊ केलेत तरी तुम्हालाच देतो. आजोबांचं नाव वापरून मला लुटलं याचा संताप पैशांपेक्षा मोठा आहे.

पैसे त्याने ऑनलाइन पैसे पाठवायच्या कंपनीच्या ‘मित्र-नातेवाईक’ प्रकारात मागितले, फी वाचते म्हणून. त्या प्रकारात खरेदीदाराला कसलंही संरक्षण नसतं. फी लागत असेल तर ती तुम्ही भरा. जो ऐकत नाही तो विक्रेता नव्हे.

पार्सल आलं आणि पहिला फटका टॅगचा. क्रमांक ३९ने सुरू. पहिला ३ म्हणजे सक्तीच्या भरतीतला, दुसरा आकडा भरतीच्या विभागाचा. पेनसिल्व्हेनियाचा ३ आणि पश्चिम किनाऱ्याकडचा ९. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ऑनलाइन नोंदींत दुसऱ्या महायुद्धातल्या भरतीची सुमारे ९० लाख नावं फुकट शोधता येतात. तिथे तो माणूस सापडला, पेनसिल्व्हेनियाचाच, क्रमांक ३३चा. म्हणजे नाव खरं, नॉर्मंडीत मेलेल्या पोराचं. युद्धदफनभूमींच्या याद्या खुल्या आहेत, तिथून उचललं आणि धातूच्या कोऱ्या पट्टीवर ठोकलं. टॅग ठोकायची जुनी यंत्रं आजही चालतात.

विक्रेत्याला विचारलं तर म्हणाला, फाईल १९७३च्या आगीत गेली, आता कोण सांगणार. सेंट लुईसच्या लष्करी दफ्तरखान्याची ती आग खरी आहे. १२ जुलै १९७३, एक कोटी साठ ते एक कोटी ऐंशी लाख फायली जळाल्या, आणि १९१२ ते १९६० दरम्यान सुटलेल्या लष्करी सैनिकांच्या तर ऐंशी टक्के. म्हणूनच ती सबब इतकी सोयीची आहे. पण भरतीच्या नोंदी वेगळ्या होत्या, तुकड्यांचे रोजचे हजेरी-अहवालही वाचले. आगीचं नाव काढणाऱ्याला हे तोंडावर सांगा. त्यानंतर त्याने मला ब्लॉक केलं.

पॅच ब्लॅकलाइटखाली, म्हणजे अतिनील टॉर्चखाली, निळसर पांढरा चमकला. युद्धकाळातल्या सुती धाग्यात ती चमक नसते. जुना पॅच नव्या साबणात धुतला तरी चमकतो, म्हणून एवढ्यावर निकाल देऊ नका, पण दोनशे चाळीस डॉलर देण्याआधी दहा-पंधरा डॉलरचा असा टॉर्च घ्या. हेल्मेटचा निकाल केंटकीतल्या लुईव्हिलला फेब्रुवारीत भरणाऱ्या लष्करी वस्तूंच्या मोठ्या प्रदर्शनात लागला. एका म्हाताऱ्या संग्राहकाने लायनर उचलला, भिंग लावलं आणि ‘डी’च्या खाली जुन्या चौकोनी कडीचा घासलेला ठसा दाखवला. वरच्या रंगातही बूच नव्हतं, रेती होती. मूळ रंगात बुचाचा चुरा असतो.

आता तक्रारीचं. पोलीस ठाण्यात अधिकाऱ्याने विचारलं, हेल्मेट मिळालं ना? मिळालं. जुनं आहे ना? आहे. मग चोरी कसली, हा दिवाणी मामला, वकील बघा. वकिलाची पहिली फी माझ्या नुकसानीच्या जवळपास जाते. बँक म्हणाली, व्यवहार तुम्ही स्वतः मंजूर केलात. पैसे पाठवायच्या कंपनीचं उत्तर यंत्राने लिहिलेलं. टपालाचा विमा हरवलं-फुटलं तरच. राज्याच्या ग्राहक खात्याने सांगितलं, विक्रेता खासगी व्यक्ती आहे, आम्ही व्यवसायांच्या तक्रारी घेतो. ऑनलाइन गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलने एक क्रमांक दिला, पुढे शांतता. प्रत्येकाने सहानुभूती दाखवली आणि प्रत्येकाने पुढच्या दाराकडे बोट केलं. एका खिडकीवर तर मला ऐकवलं गेलं की इतक्या महाग छंदात जोखीम असायचीच. नकली नोट खपवली असती तर असं म्हणाले असते का?

कायदाही असाच अर्धा आहे. याच देशात १९७३च्या हॉबी प्रोटेक्शन ॲक्टनुसार संग्राह्य नाण्याच्या नकलेवर ‘कॉपी’ असा ठसा सक्तीचा आहे. राजकीय बिल्ल्यांच्या नकलेवर बनवल्याचं वर्ष लागतं. लष्करी वस्तूंचा त्यात उल्लेख नाही. मेडल ऑफ ऑनर (इथलं सर्वोच्च शौर्यपदक) विकणं गुन्हा आहे, पण युद्धात मेलेल्या सैनिकाच्या नावाचा टॅग नव्याने ठोकून विकणाऱ्याला हात लावायला कुणी तयार नाही. निवडणुकीच्या बिल्ल्याला संरक्षण आणि त्या पोराच्या नावाला नाही, हे मला सहनच होत नाही.

त्याच्या फोटोंत हिरव्या-पांढऱ्या चौकटींचा टेबलक्लॉथ असतो आणि वस्तू नेहमी ‘काकांची’ असते. गेल्या आठवड्यात दुसऱ्या नावाने, त्याच टेबलक्लॉथवर आणखी एक इस्पिकवालं हेल्मेट आलंय, ४,२०० डॉलरला. तुमचं बोलणं सुरू असेल तर आधी लायनर काढायला लावा, टॅगचा पूर्ण क्रमांक मागा, संदेश जपून ठेवा. पैसे गेले असतील तर लाजून गप्प बसू नका, तुमचीही तक्रार नोंदवा आणि क्रमांक मला कळवा. एकाच खात्यावर चार-पाच तक्रारी एकत्र नेल्या तर त्याला ‘दिवाणी मामला’ म्हणून परत पाठवणं त्यांना जड जाईल.