१० मीटरवर घट्ट, ६० मीटरवर सैल: वापरलेली साईट घेताना झालेली फसवणूक

माझी मुलगी अमरावतीत धनुर्विद्या शिकते. सुरुवात इंडियन राउंडपासून झाली. बांबूचं धनुष्य, साईट (धनुष्याला लावायचं नेम धरण्याचं साधन) नाही, सगळा नेम नजरेचा. तिथून ती रिकर्व्हवर (टोकं पुढे वळलेलं, साईट लावता येणारं धनुष्य) गेली आणि खर्चाचं गणितच बदललं. रायझर, लिंब्स, स्टॅबिलायझर असे धनुष्याचे सुटे भाग, बाण, वर साईट. नवी परदेशी साईट परवडत नाही म्हणून आपल्याकडे बरेच पालक सिनियर खेळाडूंनी वापरलेली घेतात. त्यात गैर काहीच नाही, नीट सांभाळलेली साईट वर्षानुवर्षं चालते. याच व्यवहारात एका माणसाने आम्हाला २२ हजारांना गंडवलं. तो अजूनही स्पर्धांच्या मैदानांवर फिरतोय, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

तो स्वतःला कोच म्हणवतो. मैदानाबाहेर पालकांच्या घोळक्यात येऊन बसतो, मुलांची नावं विचारतो, पाणी आणून देतो. मग बॅगेतून साईट निघते. "भाऊ, राष्ट्रीय खेळाडूची आहे. जपानी माल. एकच सीझन वापरलीय." तिथल्याच एका मोकळ्या बटवर (टार्गेट लावायच्या जाड गादीवर), १० मीटरवरून, त्याने मुलीला बाण मारायला लावले. बाण डावीकडे लागत होते, त्याने पिन (साईटवरचा नेम धरायचा ठिपका) डावीकडे घेतली. वर लागत होते, पिन वर घेतली. बाण जिकडे, पिन तिकडे, हा नियम बरोबरच आहे आणि तो त्याने सफाईने करून दाखवला. थोड्याच वेळात सगळे बाण पिवळ्यात, म्हणजे टार्गेटच्या मधोमध. नॉब माझ्या हातात देऊन म्हणाला, "बघा, किती टाईट आहे." होतीच टाईट. पैसे त्याने यूपीआयवर घेतले, बिल मागितलं तर "वापरलेल्या मालाचं कुठलं बिल, भाऊ?"

अंडर-१८ रिकर्व्हचं अंतर ६० मीटर. तिथे गेल्यावर प्रकार सुरू झाला. पहिले काही बाण पिवळ्यात, मग हळूहळू उजवीकडे लाल, सराव संपेपर्यंत निळ्यात. दुसऱ्या दिवशी पिन पुन्हा सेट केली की पुन्हा तेच. त्याला फोन केला तर म्हणाला, "बेटीचा रिलीज (दोरी सोडणं) तुटतोय. साईटला काय धाड भरलीय?" मग 'ट्यूनिंग'च्या नावाखाली वेगळे पैसे घेतले. मग बाणांचा स्पाईन (कडकपणा) जुळत नाही म्हणून बाणही त्याच्याकडूनच घ्यायला लावले. मला सगळ्यात जास्त राग याचा आहे. पैसे गेले ते गेले, पण पंधरा वर्षांच्या पोरीला तिचा हातच वाईट आहे असं पटवून दिलं. तिने आरशासमोर उभं राहून रिलीज तपासायला सुरुवात केली, चांगला चाललेला फॉर्म बदलायला घेतला.

उलगडा केला तिच्या प्रशिक्षकांनी. त्यांनी दुसऱ्या एका मुलीची साईट तिच्या धनुष्यावर चढवली. धनुष्य तेच, बाण तेच, हात तोच, आणि ग्रुप (बाणांचा पुंजका) जागेवर. मग आमची साईट परत लावली आणि पिन डावी-उजवी करणाऱ्या स्क्रूच्या डोक्यावरून ब्लॉकवर (पिन धरणाऱ्या ठोकळ्यावर) मार्करने एक सरळ काळी रेघ ओढली. काही एंड (बाणांच्या फेऱ्या) झाल्यावर बघितलं तर रेघेचे दोन तुकडे झाले होते. प्रत्येक बाणाच्या झटक्याने स्क्रू थोडा थोडा फिरत होता. तो काढला तेव्हा आट्यांतून पांढरे तंतू निघाले. नळाच्या जोडाला प्लंबर गुंडाळतात ती टेफ्लॉन टेप. आटे पूर्ण झिजलेले, त्यावर टेप गुंडाळून साईट हाताला घट्ट लागेल अशी केलेली. झीज वापरामुळे होते, टेप मात्र कुणीतरी मुद्दाम गुंडाळावी लागते.

त्याने १० मीटरवरच का दाखवलं, ते हिशेब केल्यावर कळतं. डोळ्यापासून पिनपर्यंतचं अंतर साधारण ८५ सेंटीमीटर धरा. ६० मीटर म्हणजे त्याच्या सत्तरपट. पिन १ मिलिमीटर सरकली की बाण टार्गेटवर ७ सेंटीमीटर सरकतो. १२२ सेंटीमीटरच्या फेसवर (टार्गेटच्या कागदावर) एक रिंग ६.१ सेंटीमीटरची, म्हणजे मिलिमीटरभर ढिलाईने एका रिंगेपेक्षा जास्त गेलं. तोच मिलिमीटर १० मीटरवर जेमतेम १.२ सेंटीमीटरचा फरक दाखवतो. एवढा फरक नवशिक्या मुलीच्या ग्रुपमध्ये कोण ओळखणार? त्यात झटके खाऊन टेप सैल व्हायला शेकडो बाण लागतात, आणि तो मारून दाखवतो मोजके.

म्हणून वापरलेली साईट घेताना तुमच्या मुलाच्या खऱ्या अंतरावर, त्याच्याच धनुष्यावर, पूर्ण सरावभर मारून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. आधी सगळे स्क्रू बाहेर काढून आटे उजेडात बघा. पिनची जागा पट्टीवर टिपून नॉब दहा टिक वर आणि दहा टिक खाली फिरवा, पिन नेमकी मूळ जागी आली पाहिजे. ब्लॉक चिमटीत धरून हलवा, किंचितही खुळखुळला तर सोडून द्या. मार्करची रेघ तर ओढाच, विकणारा प्रामाणिक असेल तर तो त्याला नाही म्हणणार नाही.

बाण बाजूला जातात म्हणून लगेच साईट खराब असंही ठरवू नका. साईटची उभी पट्टी दोरीला समांतर नसेल तरी तसं होतं: १८ मीटरवर बरोबर, ३० वर थोडे बाजूला, ६० वर आणखी बाजूला. पण त्यात प्रत्येक अंतराचा फरक ठरलेला असतो, पहिला बाण आणि शेवटचा बाण सारखेच चुकतात. धनुष्य सरळ उभं अडकवून शेजारी ओळंबा सोडा, दोरी आणि पट्टी दोन्ही त्याच्याशी जुळवून बघा. पट्टी तिरकी असेल तर ती सरळ करून घ्या, खर्च काही नाही. आमच्याकडे अंतर तेच असून बाणागणिक फरक वाढत होता. सैल साईट ओळखायची ती अशी.

याच माणसाने आणखी एका मुलाला साईटबरोबर भिंग आणि लेव्हलचा बुडबुडा "बोनस" म्हणून विकला होता. तो मुलगाही रिकर्व्हचाच. भिंग आणि लेव्हल कंपाउंडला (चाकं असलेल्या धनुष्याला) चालतं, रिकर्व्हला नियमानेच बंदी आहे. स्पर्धेआधीच्या साहित्य तपासणीत पंचांनी ते काढायला लावलं आणि पोरगा ऐन वेळी उघड्या पिनवर खेळला.

टेपचे फोटो पाठवल्यावर त्याचा सूर एकदम गोड झाला. "साईट कुरिअर करा, कंपनीकडून बदलून देतो." पाठवली. पार्सल पोहोचल्याचा मेसेज आला आणि त्यानंतर आमचा नंबर ब्लॉक. आता पोलीस ठाण्यात अर्ज दिलाय, यूपीआयच्या नोंदी, फोटो आणि कुरिअरची पावती जोडून. ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ वर, तक्रार नोंदवली आहे. तुमच्याकडेही बिल नसेल तरी तक्रार करा, पैसे खात्यातून गेल्याचा पुरावा असतोच.

साईट त्याच्याकडे परत गेली म्हणजे ती पुन्हा कुणाला तरी विकली जाणार. रंग काळा. उभ्या पट्टीवरच्या आकड्यांतला ४ अर्धा पुसलेला आहे, आडव्या दांडीच्या खालच्या अंगाला करंगळीच्या नखाएवढा पोचा आहे, आणि पिनच्या ब्लॉकवर आमच्या काळ्या मार्करची अर्धी रेघ आहे. रेघ स्पिरिटने पुसता येईल, पोचा जाणार नाही.