स्टॉज म्हणावं की स्लॉप?

दोन्ही शब्द इंग्रजी बोलीतले, दोन्ही स्वस्त, पोटभर पण मन न भरणाऱ्या जेवणासाठी. तरी एकाच्या जागी दुसरा टाकला की वाक्य फसतं.

स्टॉज खास ब्रिटिश, आणि घट्ट. शाळेच्या ताटातला कुस्करलेल्या बटाट्याचा गोळा, त्यावर कोमट ग्रेव्ही. मग सुएट, म्हणजे गुराच्या मूत्रपिंडाभोवतालची चरबी, घालून वाफवलेलं पुडिंग आणि वर पिवळंधमक कस्टर्ड. चमचा उभा राहतो, खाणारा आडवा होतो. १९४० ते १९५४ च्या रेशनिंगमध्ये मांस, लोणी, साखर मोजून मिळे. युद्धकाळात बटाट्यावर मात्र बंधन नव्हतं, मग पोट त्यानंच भरायचं. पण शब्दात माया आहे. गारठ्यात लोक हौसेनं स्टॉज मागतात. कंटाळवाण्या, जड लेखनाला ‘स्टॉजी’ म्हणतात, तेव्हा मात्र माया नसते!

स्लॉपला ती कधीच नाही. ते पातळ, ओगराळ्यानं थाळीत ओतलेलं; डुकरांपुढच्या खरकट्याचंही नाव हेच. हल्ली एआयनं पाडलेल्या रद्दी मजकुरालाही म्हणतात.

गंमत म्हणजे दोघांचेही जुने अर्थ चिखलाशी जोडलेले.

मराठीत स्टॉजसाठी मी ‘गिच्च गोळा’ लिहीन. स्लॉपसाठी आधी ‘आंबोण’ सुचलं होतं, पण गुरं ते चवीनं खातात. त्यापेक्षा ‘पाणचट लगदा’ बरा.