ताक, पाण्यातली पावडर की खाद्यातले बॅसिलस?

उबवणी यंत्रातून निघालेल्या पिल्लाचे आतडे जवळजवळ कोरे असते. कोंबडीखाली वाढणाऱ्या पिल्लाला आईच्या विष्ठेतून चांगले जिवाणू मिळतात, यंत्रातल्या पिल्लाला मिळत नाहीत, आणि रिकामी जागा साल्मोनेला हा रोगकारक जिवाणू पटकावतो. 1973 साली फिनलंडच्या नुर्मी आणि रांताला यांनी मोठ्या निरोगी कोंबडीच्या आतड्यातले जिवाणू पिल्लांना देऊन ही जागा आधीच भरता येते हे दाखवले. बाजारातली प्रोबायोटिकची, म्हणजे चांगल्या जिवाणूंची, पाकिटे याच कल्पनेवर विकली जातात. प्रश्न आपल्या शेडला कोणते, एवढाच.

परसात 20-30 गावरान पक्षी असतील तर पाकीट घेऊच नका, ताक पुरे. आठवड्यातून दोनदा, लिटरभर पाण्यात अर्धी वाटी आंबट, बिनमिठाचे ताक. दोन तासांत संपेल इतकेच. दूध मात्र नको, त्यातली साखर कोंबडीला पचत नाही आणि हगवण लागते. जस्ताच्या बादलीतही ताक ठेवू नये, आंबटाने जस्त उतरते. हजार ब्रॉयलरला हा उपाय चालत नाही: ताकात जिवाणू किती, याचा रोज वेगळा हिशोब, आणि निपलच्या (चोचीने दाबून पाणी प्यायच्या तोटीच्या) पाइपात बुळबुळीत थर धरतो तो वेगळाच.

लॅक्टोबॅसिलस या ताका-दह्यातल्या जातीच्या जिवाणूची पावडर पाण्यातून देतात. पहिले पाच दिवस आणि अँटिबायोटिकचा कोर्स संपल्यावर तिचा उपयोग चांगला. पण जीव नाजूक. टाकीत ब्लीचिंग पावडर असेल तर औषध पाण्यातच मरते. क्लोरीन मारायला लिटरला 2.5 ग्रॅम स्किम मिल्क पावडर आधी विरघळवा (इतके थोडे दूध बाधत नाही). अकोला-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास असतो, तेव्हा टिनाखाली ठेवलेले पाकीट म्हणजे नुसती भुकटी. दुकानात ते थंड जागी होते का, हे विचारूनच घ्या. उन्हाळ्यात पहाटे द्या. पक्षी तहानेला ठेवून पाजू नका.

बॅसिलस सबटिलिस हा जिवाणू बीजाणूच्या टणक कवचात असतो, त्यामुळे 80-85 अंशांवर बनणाऱ्या पेलेटमधूनही (खाद्याच्या दाबलेल्या गोळ्यांमधूनही) जिवंत निघतो आणि आपल्या उन्हातही टिकतो. पाकिटावर ग्रॅममागे 100 कोटी लिहिले असेल तर टनाला 1 किलो, म्हणजे 50 किलोच्या पोत्याला 50 ग्रॅम; खाद्याच्या दर ग्रॅमला 10 लाख पडतात. पाकिटावर वेगळे प्रमाण असेल तर ते पाळा. घरी मॅश (दळलेले खाद्य) करत असाल तर ते 50 ग्रॅम आधी किलोभर भरड्यात, मग पाच किलोत, मग सगळ्यात मिसळा. थेट पोत्यात ओतले की एका कोपऱ्यात सगळे, बाकी ठिकाणी काहीच नाही. आतड्यात कवच फुटल्यावर मात्र हाही अँटिबायोटिकने मरतो, म्हणून दोन्ही एकत्र नको. (कोलिस्टिन हे अँटिबायोटिक तर भारतात 2019 पासून कोंबड्यांसाठी बंदच आहे.)

आमचा कल असा: विदर्भातल्या ब्रॉयलर शेडला खाद्यातून बॅसिलस, पहिल्या आठवड्यात जमले तर लॅक्टोबॅसिलसची जोड. कंपनीच्या करारावर पक्षी असतील तर खाद्यात ते आधीच घातलेले असू शकते; सुपरवायझरला विचारा, दुहेरी पैसे घालू नका. लिटर (जमिनीवरचा भुशाचा थर) ओले, अमोनियाने डोळे चुरचुरतात, अशा शेडात यातले काहीच वजन वाढवणार नाही. विष्ठेत रक्त दिसले तर पाकीट बाजूला ठेवून त्याच दिवशी पशुवैद्यकाला दाखवा. तो बहुधा कॉक्सिडिओसिस, म्हणजे आतड्यातल्या परजीवीचा रोग, असतो, त्याला औषधच लागते.