ब्रिटनमधलं तांब्याच्या तारेवरचं ब्रॉडबँड: एका हिवाळ्याच्या वापरानंतर

प्लॅन एफटीटीसीचा (फायबर-टू-द-कॅबिनेट, म्हणजे फायबर गल्लीतल्या पेटीपर्यंतच), ८०/२० चा, म्हणजे डाउनलोड ८० आणि अपलोड २० एमबीपीएसपर्यंत. घर लंडनबाहेरच्या उपनगरातलं, जुन्या विटांचं, दोन्ही बाजूंनी शेजाऱ्यांना चिकटलेलं. कंपनी मोठ्या चार-पाचांतलीच एक. नाव लिहून फारसा उपयोग नाही, कारण खालची तार ओपनरीचची, म्हणजे देशातल्या बहुतेक टेलिफोन तारा सांभाळणाऱ्या कंपनीची असते. कंपनी बदलली तरी तीच तार, कोपऱ्यावरची तीच हिरवी पेटी आणि दारात येणारा इंजिनीअरही ओपनरीचचाच. गुण द्यायचे तर लाइनला ५ पैकी ३, कस्टमर केअरला जेमतेम १. ‘नेट स्लो आहे’ म्हटलं की तिकडून राउटर बंद-चालू करायला सांगतात आणि गाडी तिथेच अडते. सिंक स्पीड (राउटर आणि पेटी यांच्यात जुळलेला वेग) आणि एररचे आकडे वाचून दाखवले, करारातली ओळ पुढे केली, की बोलणं पुढे सरकतं.

टेलिफोन एक्स्चेंजपासून हिरव्या पेटीपर्यंत फायबर आणि पेटीपासून घरापर्यंत टेलिफोनची जुनी तांब्याची जोडी, अशी ही रचना. नुसत्या ‘फायबर’ नावाने असली कनेक्शनं वर्षानुवर्षं विकली गेली. ऑफकॉम या नियामकाच्या सूचनेनुसार सप्टेंबर २०२४ पासून कराराच्या माहितीत तो शब्द फक्त घरापर्यंतच्या फायबरला वापरायचा आहे. वेग ठरतो पेटीपासूनच्या अंतरावर. तीनशे मीटरच्या आसपास सत्तर एमबीपीएस मिळू शकतात, एक किलोमीटरला पंचवीस-तीस उरतात, दीड किलोमीटरला त्याच्याही निम्मे. अंतर तारेच्या वाटेने धरायचं, नकाशावरच्या सरळ रेघेने नाही. पेटी समोरच्या फुटपाथवर दिसते म्हणून आपली लाइन तिच्यावरच आहे असं समजू नका. ती दोन गल्ल्या पलीकडच्या पेटीवरून येत असू शकते.

तक्रार करण्याआधी दुखणं वायफायचं, लाइनचं की कंपनीच्या नेटवर्कचं हे ठरवावं लागतं. लॅपटॉप कॅट-५ई नेटवर्क केबलने थेट राउटरला जोडा, वायफाय बंद ठेवा आणि राउटरच्या पानावरचे आकडे लिहून घ्या: डाउनस्ट्रीम सिंक, अपस्ट्रीम सिंक, नॉइज मार्जिन (गोंगाट सोसायला लाइनकडे उरलेली जागा), सीआरसी एरर (वाटेत बिघडलेला डेटा) आणि लाइन किती वेळ टिकून आहे. मार्जिन साधारण ६ डीबीच्या आसपास असतं, काही लाइनवर ३. केबलवरची स्पीड टेस्ट सिंकपेक्षा पाच-आठ टक्के कमी येणारच, त्यावरून भांडू नका. सिंक ६२ असताना सकाळी ५८ आणि रात्री आठ ते दहा १५ मिळत असतील, तर गर्दी कंपनीच्या नेटवर्कमध्ये आहे, इंजिनीअर बोलावून काही होणार नाही. सिंकच ६२ वरून ४० वर आला असेल तर दोष तारेत. आणि केबलवर सगळं ठीक असून बेडरूममध्ये रडगाणं असेल, तर तो घरच्या वायफायचा प्रश्न. या घरांच्या विटांच्या भिंती ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल एक-दोन खोल्यांत गिळून टाकतात. राउटर जिन्याखालच्या कपाटातून बाहेर काढा, २.४ गिगाहर्ट्झला १, ६ किंवा ११ यांतला मोकळा चॅनेल द्या. त्याने भागलं नाही तर वरच्या मजल्यापर्यंत केबल ओढा. मेश (घरभर ठेवायचे, एकमेकांशी जोडलेले वायफायचे डबे) त्यानंतर.

सगळ्यात जास्त फरक पडतो तो मास्टर सॉकेटमध्ये, आणि कस्टमर केअरमध्ये याबद्दल कुणी आपणहून बोलत नाही. बाहेरची तार घरात शिरते तिथला हा मुख्य सॉकेट. जुन्या एनटीई-५ प्रकारच्या सॉकेटच्या मधोमध आडवी रेघ असते. खालच्या अर्ध्या भागाचे दोन स्क्रू काढले की पुढची पट्टी हातात येते आणि आत टेस्ट सॉकेट दिसतं. नव्या ५-सी प्रकारात स्क्रू नाहीत, बाजूचे खटके दाबले की झालं. पट्टी निघाली की घरातल्या सगळ्या एक्स्टेन्शन वायरी आपोआप तुटतात. आता टेस्ट सॉकेटमध्ये मायक्रोफिल्टर (फोन आणि ब्रॉडबँडचे सिग्नल वेगळे करणारी डबी) आणि सोबतच्या आखूड वायरीने राउटर लावा आणि दोन-तीन दिवस तसाच राहू द्या. सिंक आठ-दहा एमबीपीएसने वाढला, तर चोर घरातच होता.

बहुतेक वेळा हा चोर म्हणजे घंटीची तिसरी वायर. जुन्या फोनची घंटी वाजवण्यासाठी ३ क्रमांकाच्या टर्मिनलला ती जोडलेली असते, रंग सहसा नारिंगी-पांढरा. मुख्य जोडीच्या दोन्ही तारा एकमेकींना पिळलेल्या असल्यामुळे बाहेरचा गोंगाट दोघींवर सारखाच येतो आणि वजा होतो. ही तिसरी एकटी असल्यामुळे अँटेनासारखी सगळं ओढून घेते. पुढच्या पट्टीच्या मागून ती काढून टाकायची. आजकालच्या फोनना तिची गरज नसते. त्यापेक्षा सोपं हवं असेल तर फिल्टर आतच असलेली व्हीडीएसएलची (तांब्यावरच्या याच ब्रॉडबँडच्या तंत्राची) पट्टी मिळते, ती बसवली की प्रत्येक सॉकेटवर फिल्टर लटकवत बसायला नको. पट्टी आणि तिच्या मागच्या वायरी आपल्या, त्यामागचं सगळं ओपनरीचचं. तिकडे स्क्रूड्रायव्हर नेऊ नये.

राउटर सारखा बंद-चालू करणं इथे अंगाशी येतं. लाइनवर डीएलएम नावाची स्वयंचलित देखरेख असते. लाइन वारंवार तुटलेली दिसली की ती अस्थिर आहे असं धरून डीएलएम मार्जिन वाढवते, इंटरलीव्हिंग (चुका सुधारता याव्यात म्हणून डेटा विखरून पाठवणं) लावते किंवा वेगावर वरची मर्यादा घालते. पिंग (उत्तर परत यायला लागणारा वेळ) काही मिलिसेकंदांनी वाढतो, सिंक उतरतो, आणि आधीची अवस्था यायला कित्येक दिवस, कधी आठवडे जातात. म्हणजे फोनवरच्या माणसाच्या सांगण्यावरून एका संध्याकाळी चार वेळा रिस्टार्ट केलं, तर उपचारानेच दुखणं वाढतं. एकदा केलं, पुरे. तेही अर्धा तास बंद ठेवून. दुरुस्ती झाल्यावर इंजिनीअर जाण्याआधी ‘डीएलएम रीसेट करा’ असं आवर्जून सांगावं. न सांगता ते होईलच याची खात्री नाही.

पावसाळी आठवड्यात लाइन आडवी होत असेल तर खांबावरच्या किंवा जमिनीखालच्या जोडात पाणी शिरल्याचा संशय घ्या. लाइनवर जुन्या पद्धतीचा डायल टोन असेल तर वायरचा साधा फोन टेस्ट सॉकेटमध्ये लावून १७०७० फिरवा आणि २ दाबा. शांतता ऐकू आली पाहिजे. खरखर आली तर तक्रार ‘फोन लाइनवर आवाज’ अशी नोंदवा, ‘इंटरनेट स्लो’ अशी नको. आवाजाची तक्रार लवकर हलते आणि जोड दुरुस्त झाला की ब्रॉडबँडही सुधारतं. फोन वाजताच इंटरनेट तुटत असेल तर जोड गंजलेला असण्याची दाट शक्यता. ही चाचणी आता थोड्याच दिवसांची सोबती आहे, कारण जुनं टेलिफोन जाळं जानेवारी २०२७ पर्यंत बंद व्हायचं आहे आणि नव्या कनेक्शनांत तो डायल टोन नसतोच. ठरावीक वेळी वेग पडत असेल तर मिडीयम वेव्हचा रेडिओ ६१२ किलोहर्ट्झला लावून घरभर फिरवा. जिथे जोराचा घुरघुराट येईल तिथला स्वस्त चार्जर किंवा एलईडीचा अडॅप्टर काढून बघा.

इंजिनीअरची वेळ सकाळी आठ ते एक किंवा दुपारी एक ते सहा अशी मिळते. दोष घरातल्या वायरिंगमध्ये निघाला तर भेटीचे पैसे आपल्या बिलात लागतात, म्हणून टेस्ट सॉकेटचे आकडे आधी हातात असावेत. ठरवून आला नाही तर भरपाई आहे. एप्रिल २०१९ मध्ये ऑटोमॅटिक कॉम्पेन्सेशन (आपोआप भरपाई) ही योजना सुरू झाली तेव्हा ती २५ पौंड होती आणि सेवा पूर्ण बंद पडून दोन कामाचे दिवस उलटले की पुढे रोजचे ८ पौंड. हे आकडे महागाईनुसार वाढत गेलेत. नुसत्या मंद वेगाला मात्र ही योजना लागू नाही, आणि बरेच जण इथेच फसतात.

मंद वेगावरचं हत्यार वेगळं आहे. कनेक्शन घेताना आलेल्या मेलमध्ये ‘मिनिमम गॅरंटीड स्पीड’ लिहिलेली असते. ऑफकॉमची वेगाबद्दलची आचारसंहिता मान्य केलेल्या कंपनीची लाइन त्याखाली गेली आणि तक्रारीनंतर ३० दिवसांत सुधारली नाही, तर दंड न भरता करार सोडता येतो, सोबत घेतलेल्या फोन-टीव्हीसकट. मोबाइलवरची वायफाय टेस्ट पुरावा म्हणून चालत नाही, कंपनी आपल्या बाजूने लाइन तपासते. म्हणून राउटरच्या पानाचे स्क्रीनशॉट तारखेसकट ठेवा. फोनऐवजी चॅटवर बोला, संवाद मेलवर मागवा आणि ‘ही औपचारिक तक्रार म्हणून नोंदवा’ हे वाक्य लिहून क्रमांक घ्या. तिकीट (बिघाडाची नुसती नोंद) आणि तक्रार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिकीट कुणीही गुपचूप बंद करतं. कंपनीने हात वर केले तर ‘डेडलॉक लेटर’ (तोडगा निघत नाही असं कंपनीचं लेखी पत्र) मागा. ते मिळालं, किंवा तक्रारीची मुदत उलटली, की कम्युनिकेशन्स ओम्बड्समन किंवा सीआयएसएएस या तंटे सोडवणाऱ्या स्वतंत्र संस्थांकडे फुकट जाता येतं. कंपनी दोघांपैकी कुणाची सदस्य आहे ते तिच्याच वेबसाइटवर असतं.

एक तक्रार मात्र इथल्या कंपनीच्या गळ्यात मारू नये. लंडनच्या सर्व्हरवर स्पीड टेस्ट उत्तम आणि भारतातून येणारी मालिका अडखळते, घरच्यांच्या व्हिडिओ कॉलचं चित्र चौकोनांत फुटतं, तेव्हा दोष बऱ्याचदा वाटेत असतो. सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाहजवळ तांबड्या समुद्रात एसएमडब्ल्यू-४ आणि आयएमईडब्ल्यूई या भारत-युरोप जोडणाऱ्या समुद्राखालच्या केबल तुटल्या, तेव्हा इकडची लाइन ठणठणीत असूनही तिकडची वाट लांबली. मुंबईतला सर्व्हर निवडून तीच टेस्ट घेतली की फरक लगेच कळतो.

पत्त्यावर घरापर्यंतचं फायबर आलं असेल तर वरच्या बहुतेक उचापती विसरा आणि तेच घ्या. १२ सप्टेंबर २०२४ पासून कंपनी बदलताना फक्त नव्या कंपनीला सांगायचं, जुनीला ती कळवते. नव्या करारांत मधली दरवाढ पौंड-पेन्समध्ये आधीच लिहिलेली असते, ती वाचा. फायबर आलेलं नसेल तर चार-पाच पौंडांच्या सवलतीसाठी २४ महिन्यांत अडकू नका, १२ महिन्यांचा किंवा महिन्याचा करार विचारा. ५जी चा राउटर मधल्या काळात चालतो, पण त्यावर बहुधा सीजीनॅट (अनेक ग्राहकांत एकच सार्वजनिक आयपी पत्ता वाटणं) असतं, त्यामुळे घरातला कॅमेरा किंवा एनएएस (नेटवर्कवरचा फाइल साठवायचा डबा) बाहेरून थेट उघडत नाही. घर भाड्याचं असेल तर भिंतीला भोक पाडायची घरमालकाची परवानगी आधी मेलवर घ्या. तारीख ठरवल्यावर ती मागितली तर इंजिनीअर दारातूनच परत जातो आणि पुढची तारीख रांगेच्या शेवटी मिळते.